भिंतीलगतचा शंकासुर

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त 26 जानेवारी 2025 रोजी झेंडावंदनानंतर झालेल्या कार्यक्रमातील भाषण. छपाईसाठी थोडे नीटनेटके केले आहे, पण बोलीतलेच ठेवले आहे.)



सचिवांनी मला "संस्थेची पंचवीस वर्षांची आर्थिक वाटचाल" असा विषय दिला होता. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला दुसरा कोणता विषय देणार? पण ताळेबंद स्मरणिकेच्या मागच्या पानांवर छापलेलाच आहे, आणि तो मोठ्याने वाचून दाखवला तर तुम्ही पोह्यांआधीच उठून जाल. म्हणून त्यांची परवानगी घेऊन मी शंकासुरावर बोलणार आहे. दक्षिणेकडच्या भिंतीलगत जी लाल-पिवळ्या तुऱ्यांची झुडपं आहेत ना, ती. त्यांना बरेच जण "छोटा गुलमोहर" म्हणतात. हिंदीवाले शेजारी गुलेतुरा म्हणतात. मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नाही, नागपूर विद्यापीठाचा साधा बी.कॉम. आहे. तेव्हा जे सांगीन ते स्वतःच्या चुकांतून शिकलेलं आहे.

सुरुवात एका कबुलीने करतो. नवीन सभासदांना माहीत नसेल, पण आत्ता दिसतात ती त्या भिंतीवरची दुसरी पिढी आहे. पहिली मी तोडली.

2000 साली आपण इथे राहायला आलो तेव्हा आवारात सहा गाड्या आणि बाकी स्कूटर होत्या. तळमजल्यावर एक आजी राहायच्या. त्यांचा महालातला जुना वाडा विकला गेला आणि त्या मुलाबरोबर इथे आल्या. वाड्याच्या अंगणातला शंकासुर मात्र त्यांनी सोडला नाही. पदराच्या गाठीला बिया बांधून आणल्या होत्या म्हणे. पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी दक्षिणेच्या भिंतीलगत ओळीने बिया टोचल्या. आपल्याकडची माती काळी, उन्हाळ्यात हाताएवढ्या भेगा आणि पावसाळ्यात नुसता चिखल. त्यात अकरा झाडं उभी राहिली. कोणी त्यांना पाणी घातल्याचं मला आठवत नाही. 2013 च्या मे महिन्यात आपल्या नागपूरचा पारा 47.9 वर गेला होता, कूलरसुद्धा गरम हवा फेकत होते. तेव्हा गॅलरीतले माझे गुलाब नवतपा लागायच्या आधीच करपले, आणि ही अकरा झाडं भर उन्हात फुलून उभी. आजी तोवर गेल्या होत्या.

पुढच्याच वर्षी आपल्या गाड्या बावीस झाल्या. आवारात गट्टू बसवायचं ठरलं. मी खजिनदार होतो. ठेकेदाराच्या अंदाजपत्रकात एक ओळ होती: "झुडपे काढणे, नग 11". दर वाजवी होता, बेरीज बरोबर होती, मी सही केली. आयुष्यभर तेच केलं होतं, बेरीज तपासायची आणि सही करायची. कोणी फसवलं नाही, कोणी घाई केली नाही. आमसभेत एकही हात विरोधात नव्हता. झाडं एका सकाळीत गेली.

संध्याकाळी आमच्या सौ. एवढंच म्हणाल्या, "हिशेब बरोबर आहे तुमचा, अकराच होती." त्यानंतर चार दिवस आमच्या घरात फार शांतता होती. आत्ता दुसऱ्या रांगेत हसून राहिल्या आहेत, पण तेव्हा नव्हत्या हसत.

मला कळलं नाही ते एक. ठेकेदाराची माणसं जेवायला बसली तेव्हा त्यांनी खाली पडलेल्या फांद्यांवरच्या वाळक्या शेंगा खुडून घेतल्या, बिया काढल्या, आणि बँकेत नाणी ठेवायच्या असतात ना, तसल्या एका जुन्या कापडी थैलीत घालून माळ्यावर टाकून दिल्या. नंतर त्याही विसरल्या.

थैली सापडली 2020 च्या लॉकडाऊनमध्ये. सगळ्यांनीच तेव्हा माळे साफ केले. मी बिया मोजल्या. सेहेचाळीस. चपट्या, तपकिरी, चिंचोक्याहून लहान, आणि दगडासारख्या टणक. सहा वर्षं झाली होती. सौ. म्हणाल्या, मेल्या असतील. मला वाटलं, बघू तरी.

आता पुढचं जरा लक्ष देऊन ऐका. थोड्या वेळाने तुम्हालाही बिया देणार आहे, आणि मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नये अशी इच्छा आहे.

एप्रिलमध्ये पहिल्या दहा बिया कुंडीत टोचल्या. काही केलं नाही, नुसत्या टोचल्या. रोज सकाळी जाऊन उकरून बघायचो, जणू मुदत ठेवीवर रोज व्याज विचारायला येणारा खातेदार. चाळीस दिवसांत दोन उगवल्या. त्यातली एक खारीने खाल्ली.

मग कोणीतरी सांगितलं की गरम पाण्यात टाका. मी बारा बिया पातेल्यात घातल्या आणि गॅसवर उकळल्या. चांगली दहा मिनिटं! त्यातलं एकही बी उगवलं नाही, उगवणार कसं? मी त्यांची उसळ केली होती. खरी रीत अशी आहे: पाणी उकळायचं, गॅस बंद करायचा, पातेलं खाली घेऊन पाच मिनिटं थांबायचं, आणि मग बिया टाकून रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी ज्या फुगलेल्या दिसतील त्या पेरायच्या.

उरल्या चोवीस. इथे मला आपल्या चौकीदाराने वाट दाखवली. तो यवतमाळकडचा. मी गेटपाशी बसून बिया निरखत होतो, तर म्हणाला, "साहेब, काय करून राहिले? थ्या बिया अशा नाही उगवत. तिले जखम करा लागते. लहानपणी चिचोके घासतो ना फरशीवर, तसं घासा." मी त्याच्यापुढे बसून एक बी फरशीवर घासलं. पाच-सहा फेऱ्यांत तपकिरी कवचाखाली फिकट भाग दिसला. पुढे मी नेलकटर वापरलं, ते सोपं जातं. फक्त एक पाळा. बी शेंगेला जिथे चिकटलेलं असतं ते टोक ओळखा, तिथे अंकुर असतो. त्याच्या विरुद्ध बाजूच्या कडेला छोटासा काप द्या. फक्त कवच कापलं गेलं पाहिजे, आतला गर नाही. मग रात्रभर साध्या पाण्यात. सकाळी बी दुप्पट जाड होतं. जे फुगलं नाही त्याला आणखी एक काप.

कवच इतकं कठीण का, याचा मी पुष्कळ विचार केला. नोकरीत माझी बरीच वर्षं काटोल, वरूड, वणी अशा शाखांत पीककर्जं वाटण्यात गेली. जूनच्या पहिल्या पावसाला भुलून शेतकरी पेरतो, मग पंधरा दिवस पाऊस गायब, उगवलेलं सगळं जळून जातं, आणि दुबार पेरणीसाठी माणूस पुन्हा बँकेच्या पायरीवर. अशी माणसं मी टेबलापलीकडे पाहिली आहेत. नजर वर करत नाहीत ते. शंकासुरावर दुबार पेरणीची वेळ येत नाही, कारण त्याच्या सगळ्या बिया एकाच पावसावर विश्वास ठेवत नाहीत. फेब्रुवारीतल्या अवकाळीने कवच भिजतं, पण पाणी आत जात नाही. काही बिया या वर्षी उगवतात, काही पुढच्या, काही त्याच्याही पुढच्या. आपण नेलकटर लावतो तेव्हा त्यांची ही सावधगिरी मोडून काढतो, म्हणून मग पाण्याची जबाबदारीही आपली. आणि हे मी पुस्तकातून सांगत नाही. पहिल्या कुंडीतल्या ज्या आठ बिया उगवल्याच नव्हत्या, त्यातली एक 2022 च्या जुलैत, दोन वर्षांनी, आपली आपण वर आली. मी ती कुंडी फेकायला काढली होती.

काप दिलेल्या पहिल्या बारातल्या दहा, आठवड्याभरात उगवल्या. मला इतका आनंद झाला की मी सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागलो. पावसाळ्याचे दिवस, त्यात माझं पाणी. पाच रोपं मातीलगत काळी पडून आडवी झाली. दिवसाही दिसत नव्हतं इतकं बारीक बुड, आणि तेच कुजलं. तेव्हा रोप लहान असताना माती बोटाने चाचपून बघा, वरचा थर कोरडा लागला तरच पाणी.

शेवटच्या बारांना मात्र मी शहाणा होऊन बसलो. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पन्न्या धुऊन घेतल्या, खाली चार भोकं पाडली, अर्धी माती, पाव रेती, पाव कुजलेलं शेणखत. एका पन्नीत एकच बी, बोटाच्या अर्ध्या पेराइतकं खोल. ट्रेमध्ये एकत्र पेरू नका. या झाडाचं मुख्य मूळ सरळ खाली जातं आणि उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला आवडत नाही. पन्नी कापून मातीच्या गोळ्यासकट लावायचं. बारापैकी अकरा उगवली आणि अकराही जगली. ऑगस्टमध्ये पेरलेली, पुढच्या जूनमध्ये गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादलीत पहिला तुरा आला. दहा महिने! नर्सरीतून ऐंशी रुपयांचं रोप आणलं असतं तर कदाचित लवकर आलं असतं, पण ते महालातल्या वाड्याचं नसतं.

सेहेचाळीस बिया, चोवीस उगवल्या, अठरा झाडं. अकरा भिंतीलगत, चार गच्चीवरच्या ड्रममध्ये, एक मुलीकडे पुण्याला, एक चौकीदाराच्या गावी, आणि ते उशिरा उठलेलं एक आमच्या गॅलरीत. खातं जुळतं.

भिंतीलगत पुन्हा लावायचं तर गट्टू उचलावे लागणार होते. 2021 मध्ये मी कमिटीला अर्ज केला, दीड फुटाची पट्टी मागितली. कोणी म्हणालं, काकांना आता रिकामा वेळ आहे. खरं होतं. पण परवानगी मिळाली, आणि पाच-सहा शाळकरी मुलांनी दोन रविवार माझ्याबरोबर गट्टू उचलले. त्यातला एक आता इंजिनिअरिंगला आहे आणि मागे बसून मोबाईल बघतो आहे. खाली मुरूम निघाला. मी घाबरलो होतो, पण शंकासुराला तो मानवला. काळ्या मातीत पावसाळ्यात मुळाशी पाणी तुंबतं, मुरुमात ते झिरपतं. 22-23 सप्टेंबर 2023 च्या रात्री शहरात काय पाऊस झाला ते तुम्हाला आठवत असेल. अंबाझरी ओसंडली, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, लोकांना बोटींतून काढावं लागलं. आपल्याकडेही पार्किंगमध्ये घोट्याच्या वर पाणी होतं. झुडपांनी पूर थांबवला असं मी म्हणणार नाही, दीड फुटाची पट्टी काय थांबवणार. पण त्या पट्टीतलं पाणी सकाळपर्यंत जिरलं होतं आणि गट्टूंवरचं दुपारपर्यंत उभं होतं, एवढं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आहे.

या झाडाचा मोठा इतिहासही आहे, तो थोडक्यात सांगतो. मूळ ते अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातलं मानतात. बार्बाडोस, म्हणजे आपल्या वेळच्या गॅरी सोबर्सचा देश, त्याचं हे राष्ट्रीय फूल आहे, त्यांच्या राजचिन्हावरही आहे. लिनियसने 1753 मध्ये त्याला नाव दिलं त्यात "पुल्चेरिमा" असा शब्द घातला, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ अतिशय सुंदर. गुलमोहर मादागास्करचा, पण पूर्वी दोघांना एकाच कुळनावाखाली घालत, म्हणून "छोटा गुलमोहर" म्हणणारे अगदीच चुकीचे नाहीत.

आणि एक गोष्ट मला वाचून माहीत झाली, ती मनातून जात नाही. मारिया सिबिला मेरिअन नावाची एक चित्रकार 1699 मध्ये मुलीला बरोबर घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली, किडे आणि फुलपाखरं बघायला. 1705 मध्ये तिचं पुस्तक निघालं. त्यात या फुलाचं चित्र आहे, आणि खाली तिने लिहिलं आहे की डच मळ्यांवरच्या गुलाम स्त्रिया याच्या बिया गर्भ पाडण्यासाठी घेत. आपल्या पोटी आलेलं मूल गुलाम म्हणून जन्मू नये म्हणून. त्या स्त्रियांनी तिला स्वतः हे सांगितलं होतं. नेलकटर हातात धरून एखादं बी उचलतो तेव्हा मला हे आठवतं. इतक्या छान फुलाच्या बिया कोणी कशासाठी मुठीत धरल्या असतील!

यातून कामाची सूचना अशी: बिया आणि शेंगा पोटात जाता कामा नयेत. नातवंडं लहान असतील त्यांनी पाकीट वरच्या फळीवर ठेवावं. वाळलेली शेंग हलवली की खुळखुळ्यासारखी वाजते, मुलांना मोह होतो.

शेंगांचंही सांगतो. तपकिरी झाली की शेंग एखाद्या दुपारी तट्कन फुटते, दोन्ही फाका पिळवटतात आणि बिया लांब उडतात. पलीकडच्या प्लॉटवर दोन रोपं उगवली आहेत ती आपलीच. फुटायच्या आधी काढा, किंवा शेंगेवर जुन्या मोज्याची पिशवी बांधा. मी बांधतो. त्यामुळे मागच्या वर्षी एका पाहुण्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे झाडांवर मोजे वाळत घालतात का?

फुलाकडे कधी सकाळी आठच्या सुमारास उभं राहून बघा. दहा लांब लाल पुंकेसर बाहेर आलेले असतात. फुलपाखरू मध प्यायला येतं तेव्हा त्याचे पंख त्या पुंकेसरांवर घासतात आणि पराग पंखांनाच लागतो. शिंजीरही येतो, पण तो फार चपळ, दिसेपर्यंत गेलेला. लाल आणि पिवळी झाडं जवळजवळ असली तर बियांतून कुठला रंग येईल ते सांगता येत नाही. आजींच्या ओळीत पाण्याच्या टाकीजवळचं एकच झाड पूर्ण पिवळं होतं. आत्ताच्या अकरांत दोन पिवळी निघाली आहेत. थैलीत कुठली बी कुठल्या झाडाची होती ते सौ. ना आठवत नाही, आणि मी विचारायचं धाडस करत नाही.

आता ज्या गोष्टीला मी घाबरत होतो तिथे येतो. येत्या आमसभेच्या विषयपत्रिकेवर दक्षिणेची पट्टी काढून चार गाड्या आणि चार्जिंग पॉइंट करायचा विषय आहे. मी तो अर्ज वाचला आहे. अर्ज चुकीचा नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या नवीन जोडप्याची गाडी रस्त्यावर उभी असते, दोनदा आरसा फुटला, आणि त्यांच्या घरी लहान बाळ आहे. रात्री अकरा वाजता बाळाला घेऊन गाडीपर्यंत चालत जाणं मी बघतो. 2014 मध्ये मी ज्या सहजतेने सही केली, त्या सहजतेने आज "नाही" म्हणायचा अधिकारही मला नाही. फक्त मी आडवा-उभा मोजून एक नकाशा काढला आहे. पट्टी न काढता पूर्वेच्या बाजूला, जुन्या सायकल स्टँडच्या जागेवर तीन गाड्या बसतात. चौथी बसत नाही. ती कुठे बसवायची ते मला सुचलेलं नाही. गेली बारा वर्षं मी गाडी चालवत नाही, माझी जागा रिकामीच असते, ती मी देऊ शकतो, पण ती माझ्या मुलाच्या नावावर आहे आणि त्याला अजून विचारलेलं नाही. नकाशा नोटीस बोर्डावर लावला आहे. माप चुकलं असेल तर सांगा. यावेळी बेरीज तुम्ही तपासा.

आणि पट्टी गेली तर? म्हणून ही पाकिटं. बत्तीस फ्लॅट, बत्तीस पाकिटं, प्रत्येकात सहा बिया. सौ. नी शेंगा सोलल्या, मी मोजल्या. पाकिटावर बिया काढल्याची तारीख आहे. फेब्रुवारीच्या शेवटी पेरा, म्हणजे पावसाळ्यापर्यंत वीतभर रोप होतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी हिरव्या जाळीखाली किंवा जुन्या साडीच्या सावलीत ठेवा. रोप मोठं झालं की त्याला कोणी पाणी विचारत नाही. 2019 च्या जुलैत आपल्याला नळाला एक दिवसाआड पाणी आलं होतं, ते आठवा आणि गॅलरीत काय लावायचं ते ठरवा. बारा इंची कुंडी पुरते. खोडाला थोडे काटे असतात, छाटताना हात सांभाळा. छाटणी याच दिवसांत, दोन फुटांवर. उद्या सकाळी साडेसातला मी भिंतीकडची छाटणार आहे, ज्यांना बघायचं त्यांनी यावं. कात्री एकच आहे.

ज्यांना झाडं लावायची नाहीत त्यांनी पाकीट कपाटात ठेवलं तरी हरकत नाही. सहा वर्षं माळ्यावर पडलेल्या बिया उगवल्या, हे तुम्ही आत्ताच ऐकलं.

पाकिटं चहाच्या टेबलाजवळ आहेत. शेजारी वही ठेवली आहे, फ्लॅट नंबर लिहून सही करून घ्यावं. सवय आहे हो ती, जात नाही. आणि मागच्या रांगेतल्या मंडळींनो, पोहे आले आहेत.